पुढचा छोटा व्हॉल्व्ह

हॅलो?… हां, बोल टिल्लू. नाही, अजून आला नाहीये तो माणूस. दुपारी येतो म्हणालाय… अरे, मी कशाला बोलावू? बाबांनीच फोन करून बोलावलंय त्याला. "जुनी मशिनं जमवता ना, आमचंही घेऊन जा," म्हणाले. अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर, सगळं… विकत नाहीयेत रे, नुसतं देऊन टाकतायत! त्याचीच तर भीती वाटते मला. आज मशीन दिलं, उद्या खुर्ची देतील, मग भिंतीकडे तोंड करून बसतील. आई गेली, तू येऊन अँप्लिफायरमधले सगळे व्हॉल्व्ह, ते दिव्यासारखे तापणारे काचेचे, नवे बसवून गेलास, मग मी राहायला आले… आणि तेव्हापासून एक रेकॉर्ड पूर्ण ऐकलेली नाही त्यांनी.

हो, हो… अरे ऐक ना. तू पाठवलेलं व्हॉल्व्हचं खोकं मिळालं. सकाळपासून तेच करतेय. उंच काचेचे लावून झाले, ते आत काळा पत्रा असलेलेही लावून झाले… हो, बंद करूनच. हो रे, गार होऊ देऊनच! एकदाच धीर धरला नाही, तर बोटाला हा एवढा फोड आलाय. फडक्याने धरायचं, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, पाय वाकतात. पाठ झालंय आता. तू तिकडे पंख्याखाली बसून हुकूम सोड, मी इथे ऑपरेशन करते.

आवाज?… काय सांगू, छानच आहे. उंच काचेवाल्यांत ती गाणारी बाई श्वास घेते ना, तोसुद्धा ऐकू येतो. काळ्यांत खालचा सूर असा भरून येतो की कपाटातले ग्लास थरथरतात… अरे, मला आवडून काय उपयोग? प्रत्येक वेळी बाबांना खुर्चीत आणून बसवलं. पाहुण्यासारखे काठावर बसतात. "वा, स्वच्छ आहे," म्हणतात, आणि गाणं अर्ध्यावर असताना उठून खिडकीशी जातात… हो, स्वच्छ. हाच शब्द. दवाखान्याबद्दल बोलावं तसा.

आता आत पेपर वाचतायत. म्हणजे पेपर तोंडासमोर धरलाय.

एक विचारू? रागावू नकोस. तो जुना व्हॉल्व्ह तू का काढलास? तो पुढचा छोटा, धुरकट काचेचा… नाही टाकला मी. शिवणाच्या डब्यात आहे, मोज्यात गुंडाळलेला. तू टाकून दे म्हणालास, पण माझा हातच होईना.

खराब म्हणजे काय खराब? वाजत तर होता!… नीट सांग. टिचकी मारली की काय होतं?… स्पीकरमधून ऐकू येतं? म्हणजे त्याला हलवलं की तो ओरडतो, असंच ना?… हां, हां, आठवतंय. तो दुरुस्तीवाला दर खेपेला सांगायचा, "काका, हा तेवढा बदला." आणि बाबा म्हणायचे, "असू दे." एवढे चोखंदळ बाबा, सुईवर कणभर धूळ चालायची नाही त्यांना, आणि खराब व्हॉल्व्ह मात्र असू दे! तुला कधी नवल नाही वाटलं?

नाही, मी लावतेय. सगळे लावून बघितले, हाच राहिलाय… मशीन बिघडेल ते बिघडेल, तसंही चाललंच आहे ना घरातून? ताई म्हणतोस ना, मग ऐक ताईचं. गप्प बस जरा. फोन खांद्यात धरलाय, मान अवघडलीये… बसला. बटण दाबलं. तापू दे आता.

आठवतं, हे तापेपर्यंत आपल्याला बोलायची बंदी असायची? तू मुद्दाम शिंकायचास. आणि मी खोलीत पाऊल टाकलं की, "हळू! टाचा आपटू नकोस, गाणं लागलंय!" अख्खं लहानपण चवड्यांवर गेलं माझं.

हं, लाल झाला. पेन्सिलीने टिचकी मारते… ऐकलंस? टिंग! पेल्यावर चमचा लागावा तसं… बरं बरं, तू म्हणतोस तसा खराब आहे, मान्य. थांब, टेबलावरचं झाकण आणते…

अरे.

अरे टिल्लू, मी हातसुद्धा लावला नाही. टेबलापर्यंत नुसती चालत गेले तर वाजला. परत चालते, ऐक हं… टिंग. ऐकलंस? टिंग. या लाकडी जमिनीच्या फळ्या हलतात, त्याबरोबर शेल्फ हलतं, आणि… म्हणजे घरात कुणी चाललं की हा बोलतो!

टिल्लू… आई चहा घेऊन यायची ते आठव. बाबा डोळे मिटून ऐकत बसलेले. स्वयंपाकघर त्यांच्या पाठीमागे. आई दारातून आत आली की न बघता हात पुढे करायचे, आणि कप बरोबर हातात! किती डोकं लढवलं होतं आपण. तू म्हणायचास, बाबांना मागेही डोळे आहेत. मी म्हणायचे, चहाचा वास येत असणार. आणि आईला विचारलं तर नुसती लाजायची…

हो रे… हो. गाण्यातून तिची पावलं ऐकू यायची त्यांना.

रडू नकोस. तुला काय माहीत होतं? मला तरी कुठे माहीत होतं? एवढी वर्षं त्याच घरात राहिलो आपण… रडू नकोस म्हणते ना, मग मलाही आवरत नाही. थांब, त्यांना बोलावते. बाबा! अहो बाबा, एक शेवटचं ऐकून जा, मग नाही त्रास देणार!… उठले. मी चहा घेऊन येते. तुला ट्रेमध्ये कपाशेजारी ठेवतेय. काही बोलू नकोस. शिंकूही नकोस.

…

टिल्लू? आहेस का?… स्वयंपाकघरातून बोलतेय, हळू बोल. हात पुढे केला रे त्यांनी. मी अजून दारातच होते. डोळे मिटलेले, आणि हात पुढे… नाही, आई नाही वाटली त्यांना. अजिबात नाही. म्हणाले, "तू होय. टाचा अजून आपटतेसच." आईचं टिंग बारीक असायचं म्हणे, माझं म्हणजे घण मारल्यासारखं!

विचारलं ना. म्हटलं, माहीत होतं तर टिल्लूला बदलू कसा दिलात? तर म्हणाले, "तेव्हा घरात चालणार कोण होतं?"… मग मी राहायला आले ती काय तरंगत होते का? तेही विचारलं. तर म्हणतात, पोराने हौसेने बसवलंय, त्याला कसं सांगायचं काढ म्हणून… ऐक पुढे. म्हणाले, "त्या स्वच्छ आवाजात घरात आपण एकटेच आहोत असं वाटतं गं." चहाचा घोट घेत, सहज सांगितलं.

आता टेकून बसलेत. हो, चक्क पाय लांब करून. दुसरी बाजूही लाव म्हणाले…

अगबाई, बेल! आला वाटतं तो मशीनवाला. नाही, मी बघते त्याचं काय ते, खाली जाऊन हात जोडते. थांब, आवाज न करता जायला हवं, गाणं ऐन रंगात आलंय… काय हो बाबा?… हो… बरं, बरं.

ठेवते, टिल्लू. ओरडले मला. म्हणतात, "चवड्यांवर कशाला चालतेस? नेहमीसारखी चाल, मला कळू दे."