याले अहिराणी कोनी शिकाडी?

माझे वडील, नाना, गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोनमध्ये अहिराणी बोलायला लावत होते. सरकारी सेवा शोधून देणाऱ्या नव्या यंत्राला लोकांच्या बोलण्यातला अर्थ ओळखायला शिकवायचं होतं, आणि ते काम माझ्याकडे होतं. शाळेत असल्यापासून त्यांना "शुद्ध बोला" म्हणणारी मीच. ते हसले आणि पन्नास वाक्यं बोलले. पहिलंच होतं, "पोऱ्यानी चूल येगळी झायी."

दोन महिन्यांनी त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी धुळ्याच्या सेवा केंद्रात बसले होते. माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, टेबलावर तेच नवं यंत्र, आणि मागे केंद्रातली मुलगी.

"मेहेरबान साहेबांस, सविनय विनंती अर्ज, की..."

"आबा, हा अर्ज नाही. काय हवं तेवढंच माइकमध्ये सांगा."

"आत साहेब राही ना व. आदबमा बोलनं पडस."

"सरका तथा, मी सांगस. भाऊ, पोऱ्यानी चूल येगळी झायी. आते त्याना दाना त्याले, आमना आमले."

"स्क्रीनवर आलं, अक्का! शिधापत्रिका विभक्त करणे. तुम्ही तर कार्डाचं नावही घेतलं नाहीत."

"दखा! तुमले चाळीस वरीसमा मनं बोलनं समजनं नही, त्याले एक दावमा समजनं."

"मी काय यंत्र शे का?"

"ऱ्हातात तर बरं व्हतं. पन पोरी, याले अहिराणी कोनी शिकाडी?"

त्या मुलीला माहीत नव्हतं. मी मागून म्हणाले, "मना नानानी. त्यासनी बोली माले गह्यरी गोड लागे."