नॉर्वेतला वाघ

हसू नका, तुमीबी हेच केलं असतं. कंपनीनं मले एकाएकी राजुऱ्याहून उचलून नॉर्वेले धाडलं. तिथी हिवाळ्यात दुपारीच अंधार पडते. अन् अंधारात वाघानं दूर राहावं म्हणून मोठ्यानं बोलत चालाचं, हे आपल्या अंगातच भिनलं हाये. मी फोनवर मायसंग कोकलत घरी चाललो, तं पोलिसाची गाडी येऊन थांबली.

काच खाली करून पोलीस म्हणे, "काऊन ओरडून राह्यला?"

"वाघासाठी."

"इथी वाघ नाई."

मायले सांगतलं, तं म्हणते, "आपले फॉरेस्टवालेबी जीपमंधी बसूनच असं सांगते. त्याले म्हण, मंग खाली उतर!"

मी म्हटलं. तो काई उतरला नाई.