आईला अडवणारं यंत्र

बर्लिनमधल्या आमच्या गल्लीतल्या पावाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे उभ्या माणसाच्या बाह्यांवर संगणकाच्या पंख्यात साठते तशी राखाडी धूळ होती, पण फक्त कोपरापर्यंत. शेजारी त्याची बायको होती.

"आठवडाभर खपलास, टोर्बेन. झालं का तुझं घरगुती समाजमाध्यम?"

"झालं. आता कुठल्या कंपनीचे उपकार नकोत. सगळं आपल्याच यंत्रावर."

"आणि सदस्य किती?"

"तू, मी आणि आई."

"तिला तर हाकललंस!"

"मी नाही, विबके! राखणीला बसवलेल्या एआयनं. आई रोज सकाळी पाठवते ना, तोच जिरेनियमच्या फुलाचा फोटो, तेच 'शुभ प्रभात'. त्याला वाटलं, कुणी जाहिरातवाला."

"वा! एवढ्या वर्षांत कंपन्यांनी तिला कधी हाकललं नाही. तो मान घरच्या यंत्राचा."

"करतो दुरुस्त."

"ती मला विचारते, पोरगा रागावलाय का? राहायला येऊ का म्हणाली, तर दोन वर्षं तू 'बघू' म्हणतोयस. आणि तिला देता आली असती त्या खोलीत यंत्र बसवलंस."

"त्याला थंड खोली लागते गं."

"आणि आईनं काय जिन्यात राहायचं?"

त्यांचा नंबर आला.

"नेहमीसारखा अर्धाच पाव कापून देऊ?" दुकानदारणीनं विचारलं.

"नको, अख्खा द्या," तो म्हणाला. "यंत्र आजच तळघरात जातंय. माझी आई राहायला येतेय."