लांब शब्दाला लागणारा वेळ

आजोबा : काढ पिशवीतून. इंग्रजी अक्षरं लिहिलेली तीनच झाकणं. आणि चोरून बघायचं नाही हं.

खारू : नाही बघत. पी… एल… टी.

आजोबा : वा! आधी पी, मग एल, मग टी. मध्ये हवी ती अक्षरं घाल, पण या तिघांची रांग मोडायची नाही. जेवढा शब्द लांब, तेवढे गुण. हं, कर सुरुवात.

खारू : स्प्लिट.

आजोबा : पाच अक्षरं? अगं, गालात शब्द साठवतेस म्हणून तर तुला खारू म्हणतो आम्ही. काढ एखादा मोठा.

खारू : एक्सप्लनेशन. अकरा.

आजोबा : आत्ता कसं! त्याहून लांब?

खारू : नाही येत.

आजोबा : ओठ तर मिटले होतेस. काहीतरी निघत होतं.

खारू : काही नव्हतं.

आजोबा : बरं, मग म्हातारा सांगतो. मल्टिप्लिकेशन.

खारू : चौदा.

आजोबा : एवढ्यात मोजलंसही? मला अजून बोटं लागतात.

खारू : झाकणं परत टाकू पिशवीत?

आजोबा : म्हणजे आधीच मोजून ठेवलं होतंस.

खारू : हो.

आजोबा : मग मघाशी खोटं का सांगितलंस गं?

खारू : शब्द असतो, आजोबा. पण 'म'वर ओठ चिकटतात. 'प'वर आणि 'ब'वर पण. मध्ये आले तर काही होत नाही. एक्सप्लनेशनमधला 'प' बघा, कसा आरामात निघाला. बोलण्याच्या ओघातही निघून जातात. सुरुवातच त्यांनी झाली की संपलं.

आजोबा : आणि मला वाटत होतं, पोरीचा शब्दसाठा कमी पडतोय! रोज संध्याकाळी डिक्शनरी वाचून दाखवत बसलो.

खारू : ते छान होतं. तुम्ही वाचता वाचता पेंगायचात, ते जास्त छान होतं.

आजोबा : चहाटळ! पण तुझी आई तर म्हणाली, लहानपणी अडखळायची, आता गेलं.

खारू : गेलं नाही. मी वाट बदलते. पाणी हवं असलं की 'तहान लागली' म्हणते. हाक मारताना 'अहो बाबा' म्हणते. 'अहो'ला धरून पुढे जाता येतं. त्यांना वाटतं, मी आईची नक्कल करते.

आजोबा : आम्ही सगळे हसतो त्याला. मी तर सगळ्यात मोठ्यानं.

खारू : हसा की. ते चांगलंच हसणं आहे. पण आजोबा, एक काम कराल? आमच्या इंग्रजीच्या बाईंना फोन करून सांगा, मला ताप आलाय. उद्याच्या शब्दांच्या स्पर्धेला येत नाही म्हणून.

आजोबा : आणि तुझी जोडीदारीण? ती टकळी? तिला एकटीला बसवणार?

खारू : जोडीशिवाय बसताच येत नाही. दोघींनी आळीपाळीनं उभं राहायचं असतं.

आजोबा : मग ती बाद.

खारू : ते माहितेय. ती रागावेल. मग दिवसभर बोलणार नाही.

आजोबा : टकळी आणि दिवसभर गप्प? ते बघायला मीच शाळेत येतो. बरं, मुलं हसतील याची भीती वाटते?

खारू : हसण्याचं काही नाही. घंटेची वाटते. अर्धं मिनिट झालं की बाई घंटा वाजवतात. सरावाच्या दिवशी शब्द माझ्या तोंडात होता. अगदी ओठांवर. आणि वाजली.

आजोबा : मग?

खारू : तेव्हा बाई म्हणाल्या, 'नसेल येत तर हरकत नाही, बस खाली.' किती गोड आवाजात म्हणाल्या! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला येत होतं, आजोबा. आणि फळ्यावर आमच्यापुढे शून्य.

आजोबा : हं. हे मात्र मला पटत नाही. शब्द शोधायला अर्धं मिनिट, की बोलून संपवायला?

खारू : काय माहीत. बाकीच्यांचा शब्द सापडला की लगेच बोलूनही होतो, म्हणून कुणी विचारलंच नाही.

आजोबा : मग विचारू या की. दे तो फोन इकडे. मी जन्मभर पोरांना शिकवलंय, तुझ्या बाईंशी बोलायला मला काय—

खारू : नको. तुम्ही विचारलंत तर बाई म्हणतील, बिचारी. मग मला जास्तीचा वेळ देतील, सगळ्यांसमोर, त्याच गोड आवाजात. मी विचारते.

आजोबा : फोनवर? फोनवर तर तू मावशीशीसुद्धा बोलत नाहीस.

खारू : नाही बोलत. तुम्ही फक्त इथे बसा. आणि मध्ये बोलायचं नाही.

आजोबा : बसलो.

बाई : हॅलो? कोण बोलतंय?

खारू : म… म…

बाई : हॅलो? आवाज तुटतोय. कोण? हॅलो? रेंज नाहीये वाटतं.

(फोन बंद होतो.)

आजोबा : असू दे, बाळा. असं कर, सुरुवात दुसऱ्या शब्दानं कर. 'नमस्कार' म्हण. 'न' सोपा आहे ना? मग हळूच पुढे—

खारू : तेच तर मी रोज करते, आजोबा. आज नाही करायचं.

आजोबा : बरं. चुकलो. लाव पुन्हा. हा बघ, तोंडावर हात ठेवला.

बाई : हॅलो, मघाशी कट झाला वाटतं. कोण?

खारू : म… म… मी आहे. ब… बाई, फोन ठेवू नका. रेंज आहे. मला वेळ लागतोय.

बाई : अगं, तू! मघाशी तूच होतीस? बोल, बोल. मी कुठे जात नाहीये.

खारू : उद्याची घंटा. ती शोधण्याची आहे, की ब… बोलण्याची?

बाई : म्हणजे कसं?

खारू : म… म्हणजे, शब्द सापडलेला असतो. पण सांगायला म… म… मला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात घंटा झाली तर तो सापडला, की नाही?

बाई : थांब जरा. सरावाच्या दिवशी तुला शब्द सापडला होता?

खारू : हो.

बाई : कुठला गं?

खारू : ब… ब… ब्लॅकबेरी. दहा अक्षरी.

बाई : आणि मी तुला खाली बसवलं.

खारू : हो.

बाई : माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, तू घाबरलीस. तुझी सुटका करत होते मी.

खारू : सुटका नको होती, बाई.

बाई : नाही. आता कळतंय. हे बघ, घंटा शोधण्याची. शब्द सापडला की हात वर करायचा. हात वर झाला की मी घंटा टेबलावर ठेवीन. मग शब्द सांगायला लागेल तेवढा वेळ घ्या. सगळ्यांनाच हाच नियम, तुझ्या एकटीसाठी नाही. चालेल?

खारू : चालेल. पण हात वर करून मग शोधत बसलं कुणी तर?

बाई : अरे देवा! त्या टकळीच्या संगतीनं वकील झालीस की काय? त्याचं मी बघते. झालं समाधान? ठेवू फोन?

खारू : नाही बाई. अजून एक विचारायचंय. फळ्यावरच्या त्या शून्याच्या जागी दहा लिहाल?