यंदा इलिंदानला येऊ नका

स्तामेना : मग? कधी पुरताय मला?

वितोमिर : आई, अगं असं काय बोलतेस...

स्तामेना : मी नाही बोलत, गाव बोलतंय. मी मागच्या परसात शिडीवर चढून प्लम काढतेय, आणि फाटकाशी माझी मानलेली बहीण, कुमा पेर्सा, छाती पिटून रडतेय. हातात कॉफीचा पुडा न् राकियाची बाटली. मेलेल्याच्या घरी आणतात तशी! म्हटलं, "पेर्सा, कोण गेलं?" तर माझ्याकडे वर बघितलं आणि मट्कन खालीच बसली.

नेवेन्का : अरे देवा.

स्तामेना : देवाला मधे घेऊ नको सूनबाई, तो शुद्धीवर आहे. गावच्या पाद्र्याने म्हणे कबर खणणाऱ्याला विचारूनसुद्धा ठेवलं, गुरुवारी मोकळा आहेस का म्हणून. आणि पेर्सा वर मलाच विचारते, खांबावर मयताचा कागद का नाही चिकटवला अजून? फोटो मिळाला नाही का?

(अपातिन गावातलं शेवटच्या गल्लीतलं घर; गल्ली संपते तिथे डॅन्यूब. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नदीचा लांबलचक नकाशा पसरलेला. स्तामेना प्लमची पाटी त्यावरच ठेवते. समोर तिचा मुलगा वितोमिर आणि सून नेवेन्का.)

वितोमिर : मी फक्त घरच्या लोकांना फोनवर एक ओळ पाठवली होती, आई.

स्तामेना : वाच ती ओळ.

वितोमिर : "यंदा इलिंदानला आमच्याकडे स्लावा नाही. समजून घ्या."

स्तामेना : घेतलं की समजून सगळ्यांनी! आपल्या घराच्या संताचा दिवस. आजारी पडलो तरी केला, लढाईच्या वर्षांत दुकानात साखर मिळेना तेव्हाही केला. तो नाही म्हटल्यावर माणसं काय समजणार? म्हातारी गेली, एवढंच.

वितोमिर : मला वाटलं वेळेवर कळवलेलं बरं. उगाच कोणाला खेप नको.

स्तामेना : कळवलेलं? अरे, स्लावाला कोणाला बोलावतात का? बोलावत नाहीत. ज्याला यायचं तो येतो. लग्नाला तू बोलावतोस, म्हणून लग्न तुला मोडता येतं. ज्याचं बोलावणंच नाही ते रद्द कसं करणार, शहाण्या? पन्नाशी आली, ट्रक घेऊन सगळा देश फिरतोस, आणि एवढं कळू नये?

नेवेन्का : आई, त्याला बोलू नका. ओळ मी लिहिली.

स्तामेना : तरीच म्हटलं, "समजून घ्या" हे ह्याच्या डोक्यातून कसं निघालं. हा काय आहे कागद?

नेवेन्का : नकाशा. आम्ही सायकलने जायचं म्हणतोय. इथून नोवी साद, मग बेलग्रेड, गोलुबात्सचा किल्ला, आणि तिथून घळीतून थेट क्लादोवोपर्यंत. नदीच्या काठाकाठाने.

स्तामेना : सायकलने.

नेवेन्का : हो.

स्तामेना : सायकलने मी बाजारात जाते. बटाट्याची गोणी घेऊन येते. त्याला सुट्टी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि राहणार कुठे?

वितोमिर : तंबू आहे.

स्तामेना : तंबू! म्हणजे लोक म्हणणार, स्तामेनाने पोराला घराबाहेर काढलं. चला, मेले त्यापेक्षा हे बरं.

वितोमिर : सोपं आहे गं आई. नदी उताराने जाते, आपण तिच्या बरोबरीने. सगळा उतारच.

स्तामेना : नदी झोपून जाते. तू उभा जाणार. कोशावा वारा सुटला ना खालून, की तोंडावर थपडा मारतो, उताराला चढ करून टाकतो. तुझे बाबा होडीत असायचे तेव्हा वल्ही मारून मारून जागच्या जागी राहायचे. पण ते जाऊ दे. इलिंदान सोडून दुसरा दिवस नाही मिळाला? मे महिना आहे, सप्टेंबर आहे.

नेवेन्का : आमचा बुटांचा कारखाना बंद असतो तो इलिंदानच्या आगेमागेच. सगळ्यांची सुट्टी एकदम. तुम्हाला माहीत आहे.

स्तामेना : माहीत आहे.

नेवेन्का : मग हेही माहीत असेल, की लग्न झाल्यापासून ती सुट्टी मी कुठे काढते. ह्या ओट्यापाशी. मिरच्या भरायच्या, डुक्कर भाजायचं, केक थापायचे. पाहुणे गेले की तीन दिवस भांडी, आणि मग पुन्हा बुटांना तळवे चिकटवायला. आई, ही नदी आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. ती पुढे जाते कुठे, ते मी अजून पाहिलेलं नाही.

स्तामेना : काळ्या समुद्रात जाते. शाळेत दोन वर्षं गेलेल्या बाईलाही ठाऊक आहे.

नेवेन्का : जाते ते ठाऊक आहे. पाहायचंय. गुडघे चालताहेत तोवर.

वितोमिर : आई, नसेल जमत तर राहू दे. मी परत सगळ्यांना ओळ पाठवतो, की...

नेवेन्का : नाही हं, वितोमिर! दरवर्षी हेच. आई दोन शब्द बोलल्या की तू सायकल टांगून ठेवतोस. यंदा मी तुझ्याशिवाय जाईन, सांगून ठेवते.

स्तामेना : अगं बाई! हिला आवाज आहे.

नेवेन्का : आहे. आणि आता निघालाच आहे तर ऐका. बाबा गेल्यापासून स्लावाची मेणबत्ती तुम्ही लावता. ह्या घरचा पुरुष हा आहे, तो तुमच्या मागे उभा राहतो, पाहुण्यासारखा.

स्तामेना : त्याने मागितली का कधी?

वितोमिर : मागायची असते का, आई?

स्तामेना : ...नसते.

वितोमिर : मला वाटायचं, तू देशील तेव्हा देशील.

स्तामेना : आणि दिली असती म्हणजे? मी कोण उरले असते त्या दिवशी? कोपऱ्यात बसून बटाटे सोलणारी?

नेवेन्का : ती मी आहे ना, आई. ती जागा भरलेली आहे.

(स्तामेना पाटीतले प्लम एकेक करून निवडू लागते.)

नेवेन्का : चुकलं माझं. असं बोलायला नको होतं.

स्तामेना : बोललीस ते बोललीस, आता पुसायला फडकं घेऊ नको. ती पाटी उचल तिथून. नकाशा भिजतोय.

वितोमिर : आई?

स्तामेना : इलिंदानला कुठे असणार तुम्ही? बोट ठेव.

वितोमिर : इथे. गोलुबात्स.

स्तामेना : हा निळा केवढा फुगलाय इथे.

नेवेन्का : तिथे नदी सगळ्यात रुंद आहे म्हणे. पलीकडचा काठ रुमेनियाचा.

स्तामेना : तुझे बाबा फौजेत होते तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य, स्लावा करायची सोय नव्हती. अधिकाऱ्याने पाहिलं तर कोठडी. तर बॉयलरच्या खोलीत, सार्डिनच्या रिकाम्या डब्यात मेणबत्ती उभी केली, पावाचा तुकडा पुढे ठेवला, आणि केली. घर नव्हतं, पाहुणे नव्हते. मला सांगायचे, संताला पत्ता विचारावा लागत नाही.

वितोमिर : हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी.

स्तामेना : तुला काय काय सांगितलं नाही त्याची सुरुवात करू नको, सायकल राहील बाजूला. ऐक. घरात मेणबत्ती एकच. घरचा धनी जिथे, तिथे ती. तू घेऊन जा.

नेवेन्का : आणि इथे? लोक तर येणारच.

स्तामेना : येणार म्हणजे? दुप्पट येतील! मेलेली बाई जेवायला वाढते, हे कोण चुकवेल? त्यांना वाढायला मी खमकी आहे. आणि पेर्सा फाटकात रडायला मोकळी होती, तर मिरच्या भरायलाही मोकळी असेल. तिची राकिया मी परत देणार नाही, हेही तिला सांगा.

वितोमिर : पण मेणबत्तीशिवाय स्लावा...

स्तामेना : स्लावा गोलुबात्सला असेल. इथे नुसतं जेवण. कोणी तोंड वाकडं केलं तर सांगेन, मुलगा घेऊन गेलाय, त्याची आहे.

नेवेन्का : आई...

स्तामेना : रडायचं असेल तर पेर्साकडे जा, तिला सवय आहे. नोवी सादला तंबूबिंबू नाही. माझ्या मावसबहिणीकडे उतरायचं, नाहीतर ती जन्मभर ऐकवेल. गावात शिरायच्या आधी अंगातलं ते घट्ट चड्डीचं सोंग बदल, वितोमिर, ती बाई चर्चला जाते. घामाने भिजलात की वाऱ्याच्या झोतात बसायचं नाही, मान धरते. आणि स्लावाचा पाव इथून नेऊ नका, दगड होईल. तिथे ताजा घ्या. गोल असू दे.

वितोमिर : बरं.

स्तामेना : मेणबत्ती विझवताना फुंकर मारायची नाही.

वितोमिर : वाइनचा थेंब. माहीत आहे.

स्तामेना : तुला काय माहीत? तू कधी विझवलीस?

वितोमिर : मागे उभा असतो ना दरवर्षी. तुझ्या खांद्यावरून दिसतं.

स्तामेना : ...हं. उंच झालास खरा.

नेवेन्का : आई, ही कशात ठेवू? मागच्या पिशवीत तंबूबरोबर चालेल?

स्तामेना : ऑगस्टचं ऊन आहे. कापडात गुंडाळ, वर ओला टॉवेल घाल. नाहीतर गोलुबात्स येईपर्यंत वाकेल.

नेवेन्का : आणि वाकलीच तर?

स्तामेना : वाकली तरी जळते गं ती.