पैसे भरून शेवटचे

...नाही, मला तुम्हीच सांगा, रस्ता सरकारचा, वारा देवाचा, पाय स्वतःचे, सायकल स्वतःची, आणि ती चालवायला पैसे भरायचे? पैसे भरून घाम गाळायचा? अहो, घामच काढायचा असेल तर आमच्या डोंबिवलीत मे महिन्यात नुसतं गच्चीवर उभं राहिलं तरी निघतो, फुकट निघतो, भरपूर निघतो, आणि त्यासाठी कोणी छातीवर नंबर चिकटवायला येत नाही! पण नाही. आमच्या ह्यांना शर्यत पाहिजे. हौशी सायकलपटूंची शर्यत, एन्ट्री फी अडीच हजार! एवढ्या पैशात, तुम्हाला सांगते, आम्ही दोघं रिक्षा करून आंबिवलीपर्यंत गेलो असतो, तिथे गरम भजी खाऊन परत आलो असतो, उरलेल्या पैशात आठवड्याची भाजी आणली असती. आणि बसून गेलो असतो! परवडतं का हो हे?

हे म्हणजे सलिल. माझा नवरा. ठाण्याला एका कंपनीत दुसऱ्यांचे हिशेब तपासतात. माणूस इतका चोख, की कोथिंबिरीच्या जुडीत दोन काड्या पिवळ्या निघाल्या तर खाली उतरून भाजीवाल्याला दाखवून येतो. रिक्षावाल्याने दोन रुपये सुट्टे नाहीत म्हटलं तर हे रिक्षातून उतरत नाहीत, तो बिचारा खिसे चाचपत बसतो. आणि असा माणूस मोबाईल काढून, चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने अडीच हजार भरतो आणि वर मला म्हणतो, "चित्रा, झालं बरं का रजिस्ट्रेशन!" चेहरा असा, की जणू सिडकोचं घर लागलं.

बरं, मिळतं काय त्यात? विचारा ना, मी विचारलंय. एक जर्सी मिळते. ती कोणाच्या मापाने शिवतात देव जाणे, मला वाटतं सापाच्या. ह्यांना ती चढवायला दोन माणसं लागतात, मी आणि आमची क्षिप्रा. क्षिप्रा म्हणजे आमची मुलगी, ती एका बाजूने ओढते, मी दुसऱ्या बाजूने, आणि मधून आवाज येतो, "अगं, कान! कान राहिला माझा!" अशा चार जर्स्या झाल्या घरात. एकीने मी मिक्सर पुसते. मग एक चिप मिळते, ती सायकलला बांधायची, ती सेकंदाच्या हिशेबाने वेळ मोजते. ह्यांना कशाला हो सेकंद? ह्यांचा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजला तरी चालेल! मग एक केळं. मग उपमा, तोही वेळेत पोचलात तर. आणि एक मेडल. आमच्या लहानपणी मेडल पहिल्या तिघांना मिळायचं, आता नुसतं पोचलात तरी मेडल! मग मी रोज बाजारातून दोन्ही हातात पिशव्या घेऊन तीन मजले चढून घरी पोचते, माझं मेडल कुठाय?

आणि एवढं करून नंबर कितवा? शेवटचा.

म्हणजे शेवटून दुसरा-तिसरा नाही हो, शेवटचाच! एकदा आला, म्हटलं होतं असं. दोनदा आला, म्हटलं वय झालं. पण सलग चार शर्यतींत शेवटचा? अहो, लॉटरी लागायची नसली तरी माणूस इतक्या नेमाने हरत नाही!

आणि शेवटचं येणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत नाही. ही शर्यत भरवतात कोपरचे महिपतभाऊ. इथले मूळचे, वाडवडिलांची शेती, आता तिथे इमारती उभ्या राहिल्यात, गळ्यात ही एवढी चेन, आणि जीव सगळा सायकलवर. माणूस दिलदार. त्यांनी शर्यतीच्या शेवटाला बेंजो पार्टी ठेवलेली असते, हळदीला वाजतो ना आपल्याकडे, तो बेंजो. आणि महिपतभाऊंचा नियम असा, की शेवटचा माणूस येईस्तोवर बेंजो थांबवायचा नाही. आता बघा, पहिला पोरगा येतो तेव्हा बेंजोवाले अजून वायरी जोडत असतात. तो येतो, जातो, बक्षीस घेतो, घरी जाऊन आंघोळ करतो. मग सगळे येतात, सगळे जातात. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालायला लागतात. उपम्याचं पातेलं खरवडून होतं. आणि त्या मोकळ्या मैदानात मी एकटी उभी, हातात ह्यांची पाण्याची बाटली, आणि समोर अख्खी बेंजो पार्टी माझ्याकडे बघून हळदीची गाणी वाजवतेय! मी हसू की नाचू? आणि मग लांबून हे येतात. सावकाश. मागे अँब्युलन्स, वर दिवा फिरतोय, आणि पुढे आमचे हे, एक हात सोडून मला टाटा करतायत. वरातच ती!

मी म्हटलं, "अहो, लाज नाही वाटत? अडीच हजार भरून शेवटचे?" तर म्हणाले, "अगं, तो पहिला पोरगा सव्वा तासात पोचला. तेवढ्याच पैशात मी तीन तास रस्ता वापरला. बंद केलेला रस्ता, पोलीस बंदोबस्त, जागोजागी पाणी. आता सांग, पैसे वसूल कोणी केले?" हिशेब तपासणाऱ्या माणसाशी लग्न केलं की हे असं होतं.

पण खरं सांगू का तुम्हाला? ते पैशाचं नव्हतंच हो.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं. सकाळचे सायकल घेऊन बाहेर पडलेले, नेहमीसारखे, एकटेच. खाडीच्या बाजूला कुठेतरी दुखायला लागलं, हे उतरून कठड्यावर बसले, आणि तिथे ओळखीचं कोणी नाही, मोबाईल घरी चार्जिंगला. एक दूधवाला देवासारखा आला म्हणून. दोन स्टेंट बसले. मी दवाखान्याच्या त्या बाकावर बसून काय काय बोलले देवाशी, ते तुम्हाला सांगणार नाही. घरी आल्यावर मात्र ह्यांच्याशी बोलले. म्हटलं, "डॉक्टर काही म्हणोत. ह्यापुढे एकट्याने सायकल काढायची नाही. जवळ माणूस पाहिजे, आणि डॉक्टर पाहिजे. माझा हात हातात घ्या आणि कबूल करा." घेतला. केलं कबूल. आणि सायकल वर्षभर गॅलरीत उभी, वर माझ्या कुंड्या आणि ओले पंचे. डॉक्टर म्हणाले, चालवा, हळूहळू चालवा, चांगलंच आहे. मी म्हटलं, डॉक्टरांचं काय जातंय! हे मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचे आणि पंचा जरा बाजूला सारून चाकात हवा आहे का बघायचे. बोटाने दाबून.

आणि मग हे शर्यतीचं खूळ! म्हणजे बघा, एकट्याने जायचं नाही म्हटलं तर हा माणूस तीनशे लोकांत गेला. मी अडवू कशी? मग मी पैशाचा धोशा लावला. परवडतं का, परवडतं का, परवडतं का! म्हटलं, भीतीने नाही ऐकत, निदान हिशेबाने तरी ऐकतील.

तर चौथ्या शर्यतीला मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. सरळ महिपतभाऊंना गाठलं. मंडपात उभे होते, कानाला दोन फोन. म्हटलं, "भाऊ, हे काय चाललंय? आमचे हे दरवेळी शेवटचे. तुम्ही तरी सांगा त्यांना, आता पुरे. अडीच हजारात काय मिळतं हो आम्हाला? नाहीतर असं करा, हळू चालवणाऱ्यांना निम्मी फी ठेवा!" महिपतभाऊंनी दोन्ही फोन खाली केले. माझ्याकडे बघत राहिले. आणि म्हणाले, "वयनी, तुमाला ठाव नाय?"

म्हटलं, काय ठाऊक नाही?

"अवो, दादा मुद्दाम पाठी रतान! पयल्या शर्यतीला आले, फीचं काय नाय इचारलं, बक्षिसाचं नाय इचारलं. मना बोलले, महिपतभाऊ, अँब्युलन्सची गारी कुटं असते? मी बोल्लो, शेवटच्या माणसाचे पाठी. तर बोलले, मंग शेवटचा माणूस मी."

मी खुर्ची ओढून बसले.

"मनात आणला ना, तर अर्ध्या पोरांना पाठी टाकतील, तगरा माणूस हाय! पन गारी सोरीत नाय. मागचे टायमाला एका पोऱ्याची सायकल पंक्चर झाली, ती नीट करीस्तोवर त्यो पाठी रायला. तर दादा आंब्याचे खाली उतरून उभे! पोऱ्या बोलतो, काका, जावा ना पुरं. दादा बोलतान, नाय रे बाला, पयला तू. पोऱ्या लाजला, उतरून उभा रायला. दादा बी उभे. दोगं उभे, पाठी गारी उभी, आनी हिकडं बेंजोवाले मना फोन करतान, शेठ, अजून किती वाजवू?"

आणि हे सांगताना महिपतभाऊ हसत होते हो, पोट धरून हसत होते. मीसुद्धा हसायला लागले. आणि हसता हसता मला असं भरून आलं, की पदर तोंडाला लावून मी त्या खुर्च्यांच्या ढिगामागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, अगं चित्रा, तू एका दिवशी घाबरून एक वाक्य बोललीस, आणि हा वेडा माणूस ते वाक्य चार शर्यती मागे बांधून फिरतोय. तीनशे लोकांसमोर शेवटचा येतोय, आणि घरी तुझी बोलणी खातोय. आणि एकदा, एकदा तरी म्हणाला का, की हे तुझ्यासाठी?

घरी आल्यावर मी ह्यांची जर्सी काढायला मदत करत होते. एका बाजूने ओढलं आणि विचारलं, "सांगितलं का नाही?" जर्सी तोंडावर अडकलेली, आतून आवाज आला, "काय सांगायचं? तू म्हणालीस जवळ माणूस पाहिजे, डॉक्टर पाहिजे. इतक्या सकाळी माझ्याबरोबर कोण येणार? मग पैसे भरून सोबत घेतो." म्हटलं, "आणि शेवटचे येता त्याचं काही वाटत नाही?" म्हणाले, "वाटतं ना. पहिल्यांदा खूप वाटलं. पण मागे त्या गाडीचा आवाज येत असला ना, की मला बरं वाटतं. वाटतं, तू मंडपात बसून शांतपणे चहा पीत असशील."

शांतपणे! मी आणि चहा शांतपणे! अहो, तीन तास मैदानात उभी असते मी, त्या रस्त्याकडे डोळे लावून, दिवा दिसेपर्यंत घशाखाली पाणी उतरत नाही! पण ते मी बोलले नाही. जर्सी ओढली जोरात. कान राहिला आत, राहू दे.

तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून परवडतं का हे मी विचारायचं सोडलं. पण मनाला चैन कुठे? मग मी महिपतभाऊंना फोन लावला. म्हटलं, "भाऊ, एक विनंती आहे. मला त्या अँब्युलन्समध्ये बसता येईल का? पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मी काही त्रास देणार नाही. नुसती बसेन. काचेतून ह्यांची पाठ दिसली की झालं."

महिपतभाऊ अवघडले. "वयनी, तुमी घरच्याच. पन नियम हाय. इन्शुरन्सचा लफडा अस्तो. गारीत डॉक्टर, नायतर दमलेला स्पर्धक. बाहेरचा मानूस नाय बसवता येत."

म्हटलं, बाहेरचा नाही, पण दमलेला स्पर्धक चालेल?

तर आता आमच्या घरातून दोन एन्ट्र्या जातात. दोघांचे पूर्ण पैसे. मला माझी जर्सी, माझी चिप, माझं केळं. क्षिप्राची जुनी सायकल काढली, तेल घातलं, मधल्या गल्लीत पडत-झडत शिकून घेतलं पुन्हा. शर्यतीच्या दिवशी शिट्टी वाजते, पोरं भुर्रकन जातात, मग सगळे जातात, मग हे निघतात, मग मी. हे मागे वळून म्हणतात, "चित्रा, अगं जमतंय तुला! चल, आज पूर्ण कर!" मी म्हणते, "हो हो, तुम्ही व्हा पुढे, बघू."

आणि मग पहिलं वळण येतं. मी दमते.

दरवेळी दमते हो मी. तिथेच. इतकी नेमाने दमते, की आता ड्रायव्हर वळणाच्या आधीच दार उघडून ठेवतो.