हवा कोण भरत होतं?

“हॅलो?… हो, टायरचंच दुकान… अगं बेबी, तू होय! नंबर कुणाचा हा?… धाकट्या भावोजींचा. बरं. ते तिथेच बसलेत का?… नाहीत? मग आत्ता खोकलं कोण?”

तिने फोन कान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरला आणि हातातली ट्यूब पाण्याच्या टबात सोडून दिली. नणंद दुसऱ्याच्या फोनवरून आणि इतक्या गोड आवाजात बोलते, तेव्हा पलीकडे घरची बैठक बसलेली असते, हे तिला लग्नापासूनच्या अनुभवाने पाठ होतं.

“मी बरी आहे… खाते गं, खाते… वाळलेय? फोनवरून कसं दिसलं तुला?… बरं, मुद्द्यावर ये… टायर? कुठला?… मी बसवून दिलेला, तुमच्या गाडीचा मागचा… गेला म्हणजे? पंक्चर?… झिजला? अगं, त्याला अजून वर्ष व्हायचंय!… भावोजींचाही? आणि मामांचाही?… म्हणजे सगळ्यांचे ठरवून झिजले म्हणायचे.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. ती ‘हं’ म्हणत राहिली. ट्यूबमधून एक बुडबुडा वर आला, फुटला.

“हो, ऐकलं. दादा होता तेव्हा टायर वर्षानुवर्षं हलायचे नाहीत… नाही गं, डुप्लिकेट कशाला विकेन मी? तोच माल, तोच टेम्पोवाला आणून टाकतो… तू नाही म्हणत, लोक म्हणतात. लोक म्हणजे कोण?… बेबी, लोक तुझ्या शेजारी बसून खोकतायत.”

“काय?… रविवारी? सगळेच?… बोलायला. कशाबद्दल बोलायला?… मोठ्याने सांग, ट्रक जातोय बाहेरून… किल्ली?”

नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी तिला ‘दुकान बंद कर’ म्हणून सांगितलं. तिने ते उघडं ठेवलं. दुकान चालू लागलं, तसे सगळे ‘दुकान धाकट्याला दे’ म्हणू लागले. धाकट्याने तोवर झेरॉक्सचं दुकान, रसवंती आणि एक व्यायामशाळा एवढं बुडवून दाखवलं होतं. त्यामुळे धंद्यातला अनुभवी माणूस म्हणून घरात त्याचंच नाव पुढे होतं.

“थांब, अगं ऐक ना. किल्लीचं नंतर. आधी टायर. फोन घेऊन खाली जा गाडीपाशी… जा तर. त्यांना म्हणावं, रेंज नाही… पोचलीस? आता वाक. टायरच्या मधे नक्षी दिसते?… दिसते. आणि कडांना?… बघून नको सांगूस, हात फिरव… गुळगुळीत. एकीकडेच की दोन्हीकडे?… दोन्हीकडे. बाजूच्या भिंतीला बारीक तडे असतील… आहेत ना? हं.”

तिने स्टूल पायाने ओढलं आणि बसली.

“नाही, माल खराब असता तर असा झिजला नसता… अगं, मधलाच पट्टा गेला असता तर म्हटलं असतं, हवा जास्त. ठिकठिकाणी चपटा असता तर म्हटलं असतं, ब्रेक… भावोजींचा तसाही असेल. ते गाडी थांबवत नाहीत, आपटतात… उन्हात असते का गाडी?… सावलीत. बरं, बसतं कोण कोण?… तुम्ही दोघं, दोन्ही मुलं, आणि सिलिंडर संपला की तोही. गाडी कसली, बिऱ्हाडच आहे… हो, वजनाने झिजतो. खडीच्या रस्त्यानेही झिजतो. पण एवढा नाही. हवा कधी भरलीस शेवटची?”

“… काय?”

“म्हणजे टायर बसवल्यापासून एकदाही नाही?… लागत नव्हती म्हणजे काय गं! फुगा बांधून ठेवला तरी चार दिवसांत बसतो… बरं, हे असताना कोण भरायचं?… कुणीच नाही? इतकी वर्षं, कुणीच?… भावोजींना विचार… तेही नाही. मामा?… अगं बाई.”

तिला हसू येणार होतं. सबंध घराण्याने कधी पंपाला हात लावला नव्हता आणि सगळ्यांच्या गाड्या मात्र घरंदाजपणे फुगलेल्या असायच्या. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

“बेबी… रविवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला यायचात ना, तेव्हा गाड्या कुठे लावायचात?… मागच्या बोळात. जेवणं झाल्यावर हे कुठे जायचे?… नाही, मला नाही माहीत. मला वाटायचं… ते राहू दे. तू सांग… कुठे?… गाड्यांपाशी उकिडवे बसलेले? तुला वाटायचं, पुसतायत. बरं. जवळ काय असायचं?… पायाने दाबायचा? निळा?… हं… हं.”

त्या रविवारांवरून ती त्याच्याशी किती भांडली होती! बाराजणांना वाढायचं, सासूबाईंचं ऐकून घ्यायचं, मग खरकट्या भांड्यांचा डोंगर. आणि नवरा शेवटचा घास गिळून मागच्या दाराने गायब. मोरीवर उभं राहून ती म्हणायची, गेले सिगारेट ओढायला. एकदा तिने त्याचा शर्ट हुंगूनही पाहिला. रबराचा वास आला. ‘दुकानाचा आहे,’ तो म्हणाला. ‘दुकान रविवारी बंद असतं,’ ती म्हणाली आणि चार दिवस बोलली नाही. चार दिवस त्यानेही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिने ते बंद पाडलं असतं आणि मग ज्याला त्याला आपली हवा आपणच भरावी लागली असती. ते कुणाच्याने झालं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“आहे, आहे मी… रडत नाहीये. कॉम्प्रेसर चालू आहे.”

कॉम्प्रेसर बंद होता.

“ऐक ना, बेबी. टायर तेच होते गं. तेव्हाही तेच, आताही तेच. हवा कमी पडली की सगळा भार कडांवर येतो, टायर दबून दबून तापतो, भिंत फाटते… हे दर रविवारी तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांत हवा भरायचे, म्हणून टिकायचे… हो, तू आत्ताच सांगितलंस की! वर जाऊन सगळ्यांना हेच सांग… सांग, मी थांबते.”

जिना चढल्याचा आवाज, मग बऱ्याच जणांचे एकदम बोलण्याचे आवाज. ती फोन कानाला दाबून बसली. आता तरी कुणाला तरी काहीतरी वाटेल, असं तिला वाटलं. मग नणंद परत आली.

“बोल… काय म्हणाले?… ‘तेच तर आम्ही म्हणतोय’?… म्हणजे?… दादासारखं जातीने बघणारं माणूस हवं दुकानात. बरं. कोण बघणार?… भावोजी… अगं, त्यांच्या स्वतःच्या टायरात हवा नाहीये!… उलटं नाही बोलत मी. सुलटंच बोलतेय. आई काय म्हणाल्या?… उठून आत गेल्या. हं.”

तिने टबातली ट्यूब उगाच बाहेर काढली आणि परत बुडवली.

“बरं, रविवारी गाड्यांवर येऊ नका. बसने या… टोमणा नाही गं हा! भिंतीला तडे गेलेला टायर तो. तुम्ही चौघं बसायचात आणि भर रस्त्यात फुटला म्हणजे?… हो, बसला वेळ लागतो. लागू दे. दुकान काढून घ्यायला यायचं, तर निदान धड तरी पोचा… आणि ऐक. यायच्या आधीच सांगते, म्हणजे तिकिटं वाया जायला नकोत. मी दुकान देणार नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे, तिथेच राहील. आई रडतील… रडू दे. तुम्ही कुणी बोलला नाहीत माझ्याशी, तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी चालवून घेईन… बेबी?… बेबी?”

फोन कट झालेला होता. कधीचा, ते कळायला मार्ग नव्हता. एवढी दोन वाक्यं तोंडातून काढायला तिला वर्षभर लागलं होतं आणि ती बहुधा टबातल्या पाण्यानेच ऐकली होती. तिने पदराने हात पुसले आणि तोच नंबर लावला.

“हॅलो?… भावोजी, मी बोलतेय. कट झाला मघाशी. बेबीने कुठपर्यंत ऐकलं?… ‘बसने या’ इथपर्यंत. बरं… नाही, तिला नका बोलावू. पुढचं तुम्हीच ऐका. दुकान मी देणार नाही… नाही, रविवारी सावकाश नाही. आत्ताच बोलले… विचार करूनच बोलतेय… भावोजी, दादाच्या आत्म्याला काय वाटेल, ते राहू द्या. खाली जा, आपल्या टायरवर अंगठा दाबून बघा… दाबा तर आधी. मग दादाचं नाव घ्या… ठेवते.”

आणि तिने खरंच ठेवला. आता रविवारी कुणी येणार नव्हतं. गाडीने नाही आणि बसनेही नाही.